देवमासा, बाण आणि रोगजंतु

नॉर्वे देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गेन हें शहर वैद्यकाच्या इतिहासांत एका शोधामुळें कायमचें नोंदलें गेलें आहे. १८७३ सालीं गेऱ्हार्ड आर्माउएर हान्सेन या तेथील डॉक्टरानें कुष्ठरोग्याच्या अंगावरील गांठींतील द्रव सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला असतां त्यांत काडीच्या आकाराचे अतिसूक्ष्म जंतु त्याला दिसले. कुष्ठ हा घराण्यांतून उतरणारा शाप नव्हे, तर जंतूंपासून होणारा विकार आहे, असें म्हणण्यास प्रथमच कांहीं आधार मिळाला. त्याच वर्षीं मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय नोकरींतील डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर हे या रोगाचा अभ्यास करण्यासाठीं नॉर्वेस गेले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शरीरशास्त्र शिकविलेल्या आणि पुढें साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून राहिलेल्या या गृहस्थांनीं १८७४ सालीं नॉर्वेंतील कुष्ठालयांविषयींचा आपला अहवाल प्रसिद्ध केला, आणि बर्गेनच्या कार्याची वार्ता हिंदुस्थानांतील वैद्यांच्या कानीं आली.

रोगजंतु म्हणून कांहीं असतें कीं नाहीं, याविषयींच युरोपांतील मोठमोठ्या वैद्यांत त्या काळीं वाद चालला होता. आणि नेमक्या त्याच काळीं, बर्गेनच्या पश्चिमेस अगदीं जवळ असलेल्या सोत्रा नांवाच्या बेटावर, ज्यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्र कधीं डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें असे कोळी रोगजंतूंना शिकारी कुत्र्यांप्रमाणें कामास लावीत होते. त्यांची शिकार साधीसुधी नव्हती. ती देवमाशाची होती. हा प्रकार त्यांनीं कोणत्याहि ग्रंथांत वाचला नव्हता. तो त्यांना त्यांच्या आजापणजांकडून आला होता, आणि त्या आजापणजांना त्यांच्या आजापणजांकडून.

देवमाशास आपण मासा म्हणतों खरें, परंतु तो मासा नव्हे. तो गाईम्हशींप्रमाणें पिलांना दूध पाजणारा, फुप्फुसांनीं श्वास घेणारा, उष्ण रक्ताचा प्राणी आहे. संस्कृत वाङ्मयांतील तिमिंगिलाची आठवण करून देणारे शंभर फूट लांबीचे निळे देवमासे या कुळांत आहेत, तसे लहानहि आहेत. नॉर्वेच्या कोळ्यांची शिकार म्हणजे मिंक या जातीचा लहान देवमासा. लहान म्हणावयाचें तें त्याच्या भाऊबंदांच्या मानानें. एरव्हीं त्याची लांबी २५ ते ३० फूट भरते आणि वजन कित्येक टन असतें. त्याला दांत नसतात. वरच्या जबड्यास लोंबणाऱ्या शिंगासारख्या पट्ट्यांच्या झालरींतून तो पाणी गाळतो आणि आंत सांपडलेले लहान मासे गिळतो. हेरिंग माशांच्या झुंडींमागें लागून तो किनाऱ्यावरील अरुंद खाड्यांत शिरतो. नॉर्वेच्या भाषेंत अशा लहान खाडीस ‘वोग’ म्हणतात, आणि म्हणूनच तेथील लोकांनीं या प्राण्याचें नांव ‘वोगेव्हाल’, म्हणजे खाडींतला देवमासा, असें ठेविलें. त्याचें हें खाडींत शिरणेंच त्याच्या जिवावर येई.

सोत्रा बेटावरील स्कोग्सवोग ही अशीच एक खाडी. देवमासा आंत शिरल्याचें दिसलें म्हणजे गांवांत एकच धांवपळ उडे. होड्या पाण्यांत लोटल्या जात, आणि खाडीच्या अरुंद तोंडावर दोरखंडाचें मोठें जाळें आडवें पसरून परतीची वाट बंद केली जाई. आंतला देवमासा आतां कोंडला गेला. परंतु कोंडलेला देवमासा म्हणजे हातीं आलेला देवमासा नव्हे. एवढ्या मोठ्या, सावध आणि बलिष्ठ प्राण्याजवळ होडी नेऊन त्यास भाल्यानें भोंसकणें म्हणजे आपल्या होडीचा चुराडा करून घेणें. मग हे लोक काय करीत? ते धनुष्यें घेऊन येत.

हीं धनुष्यें आपल्या पुराणांतल्या चित्रांतील धनुष्यांसारखीं नव्हतीं. लाकडाच्या जाड दांड्यावर आडवें बसविलेलें, दोरी ताणून अडकवून ठेवावयाचें आणि कळ दाबून सोडावयाचें, असें तें धनुष्य असे. युरोपांतील रणांगणांवरून तें बंदुकीनें केव्हांच हांकून लावलें होतें. परंतु बर्गेनजवळच्या या खाड्यांत तें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकून राहिलें. देवमासा श्वास घेण्यासाठीं वर आला कीं, त्याच्या अंगांत लोखंडी टोकाचे बाण मारले जात. या बाणांकडे पाहून कोणाहि नवख्यास हंसूंच आलें असतें. टन टन वजनाच्या प्राण्यास हे चिमुकले बाण काय करणार? त्यांनीं कोणतेंहि मर्मस्थान भेदलें जात नसे. ते चरबीचा थर फोडून मांसांत रुतत, एवढेंच. देवमासा क्षणभर उसळे, पाण्यांत बुडी मारी आणि पुन्हां खाडींत फेऱ्या घालूं लागे. शिकारी होड्या काठास लावीत आणि स्वस्थ बसत.

ही स्वस्थता हेंच या शिकारीचें मर्म. सुमारें २४ ते ३६ तासांनीं पाण्यांतील प्राण्याचें वागणें बदलूं लागे. त्याचे श्वास भरभर होत, बुड्या आंखूड होत, पोहण्यांत सुस्ती येई. आणि सरतेशेवटीं तो पृष्ठभागावरच मंदपणें तरंगत राही. मग होड्या निर्धास्तपणें जवळ जात आणि भाल्यांनीं त्याचा शेवट केला जाई. काठावर ओढून आणल्यावर सर्व बाण शोधून काढीत. एखाद्या बाणाच्या भोंवतालचें मांस सुजलेलें, काळवंडलेलें आणि वायूनें फुगलेलें आढळे. तेवढा भाग कापून टाकीत. बाकीचें मांस घरोघर जाई आणि शिजवून खाल्लें जाई.

आतां या बाणांसंबंधींची खरी चमत्कारिक गोष्ट अशी कीं, ते कधींहि धूत नसत किंवा घांसूनपुसून ठेवीत नसत. स्वच्छ बाण निरुपयोगी, हें सर्वांस ठाऊक होतें. ज्या बाणाच्या टोकावर पूर्वींच्या शिकारीचें रक्तमांस वाळून बसलें आहे, तोच बाण गुणाचा. नवा बाण करावयाचा झाल्यास तो अगोदर मेलेल्या देवमाशाच्या दुष्ट जखमेंत खुपसून ‘तयार’ करावा लागे. अशा बाणांना लोक मृत्युबाण म्हणत. गंजलेले, मळलेले आणि किळसवाणे असे ते लोखंडाचे तुकडे एखाद्या वतनासारखे जपून ठेविले जात.

ही रीत किती जुनी असावी? लेखी पुरावा सरळ बोट दाखवून सांगेल असा नाहीं. परंतु उत्तरेकडील समुद्रावर देवमाशास घायाळ करून त्याच्या मरणाची वाट पाहण्याची प्रथा फार प्राचीन आहे, याविषयीं शंका नाहीं. आइसलंडच्या मध्ययुगीन कायद्यांत देवमाशावर फेंकावयाच्या शस्त्रांवर मालकाची खूण असली पाहिजे असा दंडक होता. जखमी देवमासा दूर जाऊन मरे आणि त्याचें कलेवर दुसऱ्याच कोणाच्या किनाऱ्यास लागे; तेव्हां शस्त्रावरील खूण पाहून मारणाऱ्याचा वांटा किती आणि जमिनीच्या धन्याचा किती, हें ठरविलें जाई. पश्चिम नॉर्वेच्या जुन्या गुलातिंग कायद्यांतहि देवमाशांसंबंधींचे नियम आहेत. तेराव्या शतकाच्या मध्यास नॉर्वेंत रचलेल्या ‘राजदर्पण’ नांवाच्या ग्रंथांत बाप मुलास आइसलंडच्या समुद्रांतील देवमाशांच्या जाती एकेक करून सांगतो, आणि कोणता खाण्याजोगा व कोणता भयंकर याचें वर्णन करतो. देवमासा हा त्या थंड, नापीक किनाऱ्यांवरील लोकांचा दुष्काळांतला धान्यकोठारच होता. ज्या वस्तूवर पोट अवलंबून असतें, तिच्याविषयींचें ज्ञान माणसें फार बारकाईनें सांठवून ठेवितात.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास, अलास्काच्या दक्षिणेकडील अल्यूशन व कोडियाक बेटांवर, अशाच धीराची शिकार चाले. तेथील अल्यूट शिकारी कातड्याच्या हलक्या होड्यांतून जाऊन पाटीच्या दगडाचें टोंक असलेला भाला देवमाशास मारीत आणि त्याचें कलेवर कांहीं दिवसांनीं किनाऱ्यास लागण्याची वाट पाहात. त्यांच्या भाल्यास बचनागाच्या जातीच्या मुळ्यांचें विष लावलेलें असे, असें रॉबर्ट हायझर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानें १९४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रबंधांत साधार दाखविलें. अल्यूटांचें विष वनस्पतीचें होतें. तें एकदां वापरलें कीं संपलें. नॉर्वेच्या कोळ्यांचें विष मात्र जिवंत होतें. तें एका शिकारींत खर्च होण्याऐवजीं वाढत असे. या एका फरकांतच सर्व रहस्य सांठविलेलें आहे.

तें रहस्य उलगडण्यास एकोणिसाव्या शतकांतील प्रयोगशाळा लागली. फ्रान्समध्यें लुई पाश्चर यानें १८६१ सालीं एक विलक्षण गोष्ट जाहीर केली होती. हवेवांचून जीवन नाहीं असें सर्व लोक समजत असतां, कांहीं सूक्ष्म जीव हवेवांचूनच जगतात आणि हवेचा स्पर्श त्यांना मारक होतो, असें त्याला आढळलें. पुढें १८७७ सालीं त्यानें आणि झूबेर यानें मृत जनावरांच्या शरीरांत अशाच जातीचा एक रोगकारक जंतु शोधून काढला. हा जंतु जखमेंतून शरीरांत शिरून मांस सडवितो, तेथें वायु उत्पन्न करतो आणि रक्तांत विष भिनवून प्राण घेतो. या कुळांतील जंतूंचा आणखी एक गुण असा कीं, परिस्थिति प्रतिकूल झाली म्हणजे ते आपल्याभोंवतीं जणूं चिलखत घालून बीजाणूच्या रूपानें निपचित पडून राहतात. ऊन, थंडी, कोरडेपणा यांस ते दाद देत नाहींत. कित्येक वर्षांनीं पुन्हां उबदार, ओलसर आणि हवा नसलेली जागा मिळाली कीं, ते जागे होतात व वाढूं लागतात. आपल्याकडे गंजका खिळा पायांत गेला तर धनुर्वाताची धास्ती घेतात ती याच कुळांतील दुसऱ्या एका जंतूमुळें. गंज हा स्वतः विषारी नाहीं. त्याच्या खडबडीत पृष्ठभागाच्या आडोशास बीजाणु सुखानें राहतात, हें त्यांतील इंगित.

या नव्या ज्ञानाच्या उजेडांत इव्हार नील्सेन या नॉर्वेजियन अभ्यासकानें स्कोग्सवोगच्या बाणांकडे पाहिलें, आणि १८९० सालीं जंतुशास्त्रास वाहिलेल्या एका जर्मन नियतकालिकांत त्यावर लेख लिहिला. ‘बाराव्या शतकांतील आधुनिक जंतुशास्त्राचा एक नमुना’ अशा अर्थाचें त्या लेखाचें शीर्षकच पुरेसें बोलकें होतें. बाण हे शस्त्र नव्हतेच. ते रोगाचें वाहन होते. एका देवमाशाच्या सडलेल्या जखमेंतील बीजाणु वाळलेल्या रक्तासह लोखंडावर टिकून राहात आणि पुढच्या देवमाशाच्या शरीरांत जाऊन पुन्हां जन्म घेत. जाळें, होड्या आणि धनुष्यें हीं केवळ साधनें. खरी शिकार करणारे जे होते ते डोळ्यांस दिसतच नव्हते.

देवमाशाचें शरीर या जंतूंस इतकें अनुकूल कां असावें, हेंहि पाहण्यासारखें आहे. तो उष्ण रक्ताचा प्राणी बर्फासारख्या पाण्यांत राहतो, आणि म्हणून निसर्गानें त्याला चरबीची जाड दुलई पांघरविली आहे. ही दुलई शरीराची ऊब आंतच कोंडून ठेविते. बाण या चरबींतून पार होऊन मांसांत शिरला कीं, त्याचें टोंक उबदार, ओल्या आणि बाहेरील हवेस पारख्या झालेल्या जागीं जाऊन बसतें. हवेवांचून जगणाऱ्या जंतूंस याहून सोयीचें घर तें कोणतें? प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञ ज्या जंतूंसाठीं मुद्दाम हवा काढून टाकलेलीं व माणसाच्या अंगाइतकीं ऊन ठेविलेलीं भांडीं तयार करतात, त्या जंतूंस देवमाशाचें शरीर हें आयतेंच तसलें भांडें मिळालें. जी चरबी त्या प्राण्याचें थंडीपासून रक्षण करी, तीच त्याच्या घाताला कारण होई.

योगायोग असा कीं, नील्सेनचा लेख ज्या १८९० सालीं निघाला, त्याच सालीं बर्लिन येथें भरलेल्या वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत रॉबर्ट कॉख यानें एखादा जंतु एखाद्या रोगाचें कारण आहे हें कसें सिद्ध करावें, याच्या कसोट्या मांडल्या. त्या रोगाच्या प्रत्येक रोग्यांत तो जंतु सांपडला पाहिजे. तो शरीराबाहेर काढून शुद्ध स्वरूपांत वाढवितां आला पाहिजे. आणि अशा रीतीनें वाढविलेला जंतु निरोगी प्राण्याच्या अंगांत घातला असतां तोच रोग पुन्हां उद्भवला पाहिजे. या कसोट्या स्कोग्सवोगच्या काठावर उभें राहून वाचल्या तर मोठें नवल वाटतें. मेलेल्या प्राण्याच्या जखमेंतून रोगाचें बीज घ्यावें, तें जिवंत प्राण्याच्या शरीरांत घालावें, तीच लक्षणें ठराविक काळानें दिसतात कीं नाहीं तें पाहावें, आणि त्या प्राण्याच्या जखमेंतून पुन्हां बीज घ्यावें, हा क्रम ते कोळी पिढ्यानपिढ्या चालवीत होते. शुद्ध संवर्धनाची मधली पायरी तेवढी त्यांच्यापाशीं नव्हती.

मग त्या कोळ्यांस जंतुशास्त्रज्ञ म्हणावयाचें काय? नील्सेनच्या लेखाचें शीर्षक वाचून तसा मोह होतो खरा. परंतु हा मोह आवरला पाहिजे. लाकूड कोरणाऱ्या किड्याच्या हातून एखादें अक्षर उमटलें म्हणून किडा साक्षर ठरत नाहीं, हा घुणाक्षरन्याय प्रसिद्धच आहे. उलटपक्षीं, या लोकांचें ज्ञान निव्वळ घुणाक्षर होतें असेंहि म्हणतां येत नाहीं. किडा तेंच अक्षर पुन्हां काढूं शकत नाहीं. हे लोक मात्र दर वेळीं तोच परिणाम घडवून आणीत. कोणता बाण चालेल, कोणता चालणार नाहीं, किती वेळ थांबावें, मांसाचा कोणता भाग टाकावा, हें सर्व त्यांना ठाऊक होतें. कार्य आणि त्याची रीत त्यांस अवगत होती. कारण मात्र अवगत नव्हतें.

हा भेद वरवर क्षुल्लक वाटेल, पण तसा तो नाहीं. ज्यास कारण ठाऊक नाहीं त्याचें ज्ञान ज्या खुंटीस बांधलें असेल तेथेंच चरतें. मळका बाण देवमाशास मारतो, हें जाणणाऱ्या माणसास त्यावरून मळका चाकू जखमी माणसासहि मारील, हें अनुमान सुचलें नाहीं. त्या एकाच बेटावर, एकाच घरांत, मृत्युबाण जपून ठेवणारे हात सुईणीचे आणि वैद्याचेहि असूं शकत होते. परंतु खुंटीवरचा बाण आणि बाळंतिणीच्या खोलींतील कात्री यांमधील संबंध जोडण्यास जोसेफ लिस्टरचा काळ यावा लागला. त्यानें १८६७ सालीं जखमा कार्बोलिक ॲसिडनें निर्जंतुक करण्याची आपली पद्धति प्रसिद्ध केली, ती पाश्चरच्या सिद्धांतावर उभी होती, कोळ्यांच्या अनुभवावर नव्हे. अनुभवानें शिकार साधली. माणसाचे प्राण वांचविण्याचें काम मात्र उपपत्तीनें केलें.

आणि ज्या वेळीं ही उपपत्ति अपुरी पडली, त्या वेळीं माणसाचीहि देवमाशासारखीच गत झाली. १९१४ सालीं सुरू झालेल्या महायुद्धांत फ्रान्स व बेल्जममधील शेतांतून खंदक खणले गेले. त्या शेतांना शतकानुशतकें शेणखत घातलेलें होतें, आणि जनावरांच्या आंतड्यांतून आलेले याच कुळांतील जंतूंचे बीजाणु त्या मातींत भरलेले होते. तोफगोळ्यांचे तुकडे ती माती आणि सैनिकांच्या कपड्यांच्या चिंध्या घेऊन मांसांत खोलवर शिरत. दुसऱ्या तिसऱ्या दिवशीं जखम फुगे, दाबली असतां आंतील वायूची करकर हातास लागे, आणि तरणाबांड सैनिक पाहतां पाहतां मरण पावे. शल्यवैद्यांनीं सडलेलें मांस कापून जखम उघडी ठेवण्याची, म्हणजे जंतूंस नकोशी असलेली हवा तिला देण्याची, रीत स्वीकारली तेव्हां कोठें हे मृत्यु घटूं लागले. स्कोग्सवोगच्या शिकाऱ्यांनीं जें हेतुपुरस्सर केलें, तें युरोपच्या सेनापतींनीं नकळत आपल्याच मुलांना केलें.

देवमाशाच्या त्या दीड दिवसाच्या यातनांविषयीं जुन्या काळीं कोणी फारसा विचार केल्याचें दिसत नाहीं. पोटाची भूक ही दयेहून मोठी असते, आणि ज्यांची मुलें हिवाळ्यांत उपाशी राहात, त्यांच्यावर आज दोषारोप करणें सोपें आहे. पण त्या शिकारीस एक मर्यादा होती. देवमासा आपण होऊन खाडींत येईल तेव्हांच ती साधे. एका गांवाला पुरेल एवढेंच मांस मिळे, आणि समुद्र देवमाशांनीं भरलेला राही. ही मर्यादा मोडली ती विज्ञानाच्याच दुसऱ्या एका देणगीनें. नॉर्वेंतीलच स्वेंड फॉइन या दर्यावर्दी गृहस्थानें वाफेच्या बोटीवरील तोफेंतून सुटणारा आणि देवमाशाच्या शरीरांत शिरून फुटणारा भाला सिद्ध केला. १८७० सालीं त्याला त्याचें पेटंट मिळालें. त्यापुढें थांबून वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं. खाडींतील शिकार दर्यावर गेली, तेथून दक्षिण ध्रुवाच्या समुद्रांत गेली, आणि विसाव्या शतकाच्या शंभर वर्षांत जगांत मारले गेलेले मोठे देवमासे सुमारें २९ लक्ष भरले, असा हिशेब अभ्यासकांनीं केला आहे. स्कोग्सवोगचे मृत्युबाण पदार्थसंग्रहालयांत जाऊन बसले.

तरी पण जंतूंनीं शिकाऱ्यांचा पिच्छा सोडला नाहीं. मारलेला देवमासा पाण्यांत ठेविला तर चरबीच्या दुलईमुळें त्याचें शरीर लवकर निवत नाहीं, आणि आंतील जंतु तें आंतल्या आंत सडवून टाकितात. म्हणूनच १९४६ सालच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमावलींत मारलेला देवमासा ३३ तासांपेक्षां अधिक वेळ समुद्रांत ठेवूं नये, असें कलम घालण्यांत आलें. एके काळीं ज्या जंतूंनीं खाडीच्या काठावर बसलेल्या कोळ्यांस देवमासा मिळवून दिला, तेच जंतु आतां कारखानदाराच्या हातून तो हिरावून घेऊं लागले.

मनुष्यानें न दिलेले रोग देवमाशांस किती होतात, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ अंधारांतच राहिला. कारण उघड आहे. रानांतील वाघ मेला तर त्याचें कलेवर निदान गिधाडांना तरी सांपडतें. देवमासा मेला तर बहुधा समुद्राच्या तळाशीं जातो. लाखों देवमासे जहाजांवर चिरले गेले, पण ते तेलासाठीं; निदानासाठीं नव्हे. ही उणीव विसाव्या शतकाच्या शेवटीं भरून निघूं लागली. १८८७ सालीं डेव्हिड ब्रूस यानें माल्टा बेटावरील सैनिकांस येणाऱ्या दीर्घ तापाचा जंतु शोधला होता, आणि १९०५ सालीं थेमिस्टोक्लीझ झामिट यानें तो शेळ्यांकडून येतो हें दाखविलें होतें. शेळ्या, गाई, डुकरें अशा जमिनीवरील प्राण्यांपुरताच मानला गेलेला हा ब्रुसेला जंतु १९९४ सालीं स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर मिळालेल्या लहान जातीच्या जलचर सस्तनांत आणि कॅलिफोर्नियांतील एका डॉल्फिनच्या गर्भपात झालेल्या पिलांत सांपडला. पुढें तो नॉर्वेच्या समुद्रांतील मिंक देवमाशांतहि, म्हणजे स्कोग्सवोगच्या त्या जुन्या शिकारीच्या वंशजांत, आढळला. २००७ सालीं या जंतूस देवमाशांच्या कुळावरून ब्रुसेला सीटी असें स्वतंत्र नांव देण्यांत आलें. समुद्रांतील प्राण्यांसहि गर्भपात, मेंदूचा दाह आणि सांध्यांचे विकार होतात, आणि त्यांचीं कारणें आपल्या गोठ्यांतील रोगांचींच सोयरीं आहेत, हें यामुळें कळून आलें.

या इतिहासाचा शेवटचा अंक सर्वांत विस्मयकारक आहे. २००७ सालच्या मे महिन्यांत कॅलिफोर्नियांतील सॅक्रामेंटो नदींत एक कुबड्या जातीची देवमाशीण आणि तिचें पिलूं वाट चुकून समुद्रापासून खूप आंत शिरलीं. दोघांच्याहि अंगावर जहाजाच्या पंख्यानें झाल्यासारख्या खोल जखमा होत्या, आणि गोड्या पाण्यांत त्या जखमा चिघळूं लागल्या होत्या. नदीच्या दोन्ही तीरांवर माणसांची गर्दी लोटली. होड्या जवळ गेल्या, नेम धरला गेला आणि लांब सुयांचे बाण त्या प्राण्यांच्या चरबींतून पार होऊन मांसांत शिरले. परंतु या बाणांत रोग नव्हता. जंतूंचा नाश करणारें प्रतिजैविक औषध होतें. मोकळ्या पाण्यांतील मोठ्या देवमाशास असें औषध देण्याचा हा पहिलाच प्रयत्न मानला जातो. कांहीं दिवसांनीं तीं मायलेंकरें नदीच्या प्रवाहाबरोबर खालीं गेलीं आणि समुद्राच्या रोखानें दिसेनाशीं झालीं.

असा प्रयत्न दर वेळीं यशस्वी होतोच असें नाहीं. २०१८ सालच्या ऑगस्टमध्यें अमेरिका व कॅनडा यांच्या सरहद्दीवरील समुद्रांत, शास्त्रज्ञांनीं जे-५० या क्रमांकानें नोंदलेल्या चार वर्षांच्या आंतील एका आजारी मादीस अशाच बाणानें औषध देण्यांत आलें. ती ओर्का जातीची, म्हणजे देवमाशांच्याच कुळांतील होती; तिच्या कळपांत त्या वेळीं जेमतेम पाऊणशें प्राणी उरलेले होते आणि त्यांत एकेका पिलाचें मोल मोठें होतें. सप्टेंबरांत ती दिसेनाशी झाली, आणि ती मेली असें समजून शोध थांबविण्यांत आला.

स्कोग्सवोगचा बाण आणि सॅक्रामेंटोचा बाण यांमध्यें शेंकडों वर्षांचें अंतर आहे. परंतु दोन्ही बाण चरबीच्या त्याच थरांतून जातात, आणि दोन्ही सोडणारीं माणसें बाण सोडल्यावर काठावर बसून देवमाशाच्या श्वासाकडे डोळे लावून असतात. एकांस तो श्वास मंद व्हावा असें वाटत होतें, दुसऱ्यांस तो जोरकस व्हावा असें वाटत होतें. जंतु कोण आणि ते काय करतात हें कळल्यावांचून ही इच्छा उलटी फिरविण्याचें सामर्थ्य माणसास आलें नसतें. तथापि नुसतें कळणें पुरेसें झालें असेंहि नाहीं. कारण स्फोटक भाला आणि औषधाची सुई हीं दोन्ही एकाच जाणत्या युगाचीं लेंकरें आहेत. खाडीच्या काठावर बसलेल्या मनुष्याच्या हातांत कोणता बाण असावा, हें अखेर त्याच्या ज्ञानावर नव्हे, तर त्याच्या मनावर ठरतें.